बटण बंद, पॅनेल गरम

वाचायला बसण्याआधी एक काम करा. तुमच्या वॉशिंग मशीनवर जिथे बटणं आहेत, त्या पट्टीवर हात ठेवा. तळवा नको, हाताची मागची बाजू. तळव्याला तवा, पातेली, चहाचे कप यांची सवय झालेली असते, त्यामुळे त्याची साक्ष मी मानत नाही. ठेवलात? आता एक ते दहा मोजा. दहापर्यंत हात आरामात राहिला तर परत या आणि वाचा. सहा-सातलाच उचलावा लागला तर आधी भिंतीवरचा स्विच बंद करा, आणि मग वाचा.

मी हसत सांगतोय खरा. पण या दहा आकड्यांपायी रोह्याजवळच्या वरशात एक संसार मोडायच्या बेतात आला होता. त्याला ज्यानं हातभार लावला, तो आरोपी आज तुमच्यासाठी हा लेख लिहितो आहे.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातली. मी पेणच्या एका दुकानाचा मेकॅनिक होतो. दुकान मशीन विकायचं आणि विकलेली मशीन बिघडली की मला पाठवायचं. सोमवार ते गुरुवार पेण आणि खाडीपट्टी, शुक्रवारी रोहा. हातात पत्र्याची पेटी, खिशात टेस्टर आणि चेहऱ्यावर संशय. हा संशय मी घरून आणला नव्हता, तो गिऱ्हाइकांनी शिकवला. आमच्या धंद्यात पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "कुणी हात लावला नाही हो, आपोआप बंद पडली." आपोआप बंद पडलेल्या मशीनमधून मी आजवर चमचे, किल्ल्या, एक अख्खी कवळी आणि मंगळसूत्राची वाटी काढली आहे. कवळी ज्यांची होती, तेही समोर तोंड मिटून सांगत होते की हात लावला नाही.

पेणला एका मूर्तीच्या कारखान्यात गेलो होतो. दोन टबांची मशीन, आणि तिच्या पॅनेलवरची फिरवायची खुंटी अशी तापलेली की बोट लागेना. कारखानदार म्हणाला, "काय पण नाय टाकत, पोरांचे कपडे फक्त." मी मशीन आडवी केली. खाली मोटरच्या चाकाभोवती शाडूची माती गच्च बसली होती. महाशय तिच्यात मूर्तींची माती कालवत होते! मोटर अडली की जास्त वीज ओढते, आणि ती सगळी वीज पॅनेलमधल्या बारक्या पट्ट्यांमधून जाते. वाट अरुंद, गर्दी मोठी. तापणार नाही तर काय होईल?

"ही माती कुठून आली?" मी विचारलं.

तो शांतपणे म्हणाला, "पोरांच्या कपड्यांना लय लागते हो माती."

धरमतरच्या बाजूला दुसरी तऱ्हा. तिथे खाऱ्या वाऱ्यानं तारांच्या टोकांवर हिरवा गंज चढतो, सांधा ढिला होतो आणि पॅनेल एकाच कोपऱ्यात तापतं. सगळीकडे कोमट असेल तर मी घाबरत नाही. एकाच जागी चटका बसला, तर तिथे कुठलातरी सांधा जळतो आहे असं समजायचं.

असे दोन-चार चोर पकडले की माणूस चढतो. मीही चढलो. माझं एक वाक्य तयार झालं, आणि ते मी पेटी बंद करताना, झाकणाच्या खटक्याबरोबर टाकायचो : "माणूस बोलतो काहीही, मशीन खोटं बोलत नाही." लोक माना डोलवायचे. मला फार आवडायचं ते.

आता पडदा उघडतो. स्थळ : वरसे. वेळ : शुक्रवारची दुपार.

इंदूबाई शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. घरात त्या, त्यांचा मुलगा सतीश आणि सतीशची बायको रंजना. सतीश कंपनीत शिफ्टला होता. रंजना धरमतरच्या खाडीकाठची, तिच्या माहेरची माणसं मिठागरात काम करणारी. दोघांची भेट पेणच्या टायपिंग क्लासात झाली आणि पुढचं तुम्ही ओळखलंत. बाईंनी लग्नाला होकार दिला होता. मोठ्या मनानं दिला, असं त्या स्वतःच सांगायच्या, त्यावरून काय ते समजा.

मशीन नवी कोरी होती. वरून कपडे टाकायचे, बटण दाबायचं, बाकी सगळं ती करणार. आमच्या दुकानातून रोह्याकडे गेलेली तशातली ती पहिलीच. न्हाणीघराच्या बाहेर, पॅसेजमध्ये ती उभी होती, आणि तिच्या डोक्यावर बाईंनी स्वतः शिवलेली गोधडी होती. जुन्या साड्यांचे सात थर, कडेला लाल पट्टी आणि बांधायला कापडाचे चार बंद. हे बंद मागून आणून पुढे बांधलेले.

"मिस्त्री, आधी गाठ बघा," बाई म्हणाल्या.

"कसली गाठ?"

"ही. सकाळी साडेआठला मी मारलेली. दोन फेरे आणि वर फूल. तशीच आहे ना?"

"तुम्ही कशी मारली होती, मला काय माहीत?"

"मी सांगते आहे ना. तशीच आहे. मशीन आपल्याकडे सोमवारी आणि गुरुवारी लागते. आज कोणता वार?"

"शुक्रवार," मी चौथीतल्या मुलासारखं उत्तर दिलं.

"मी जेवून भजनी मंडळाला गेले, आत्ता आले. आता गाठ सोडते. लावा हात."

त्यांनी गाठ सोडली. मी गोधडी उचलली, तिची व्यवस्थित घडी केली आणि स्टुलावर ठेवली. हे वाक्य लक्षात ठेवा. गोधडी मी स्वतःच्या हातानं उचलली आणि घडी करून बाजूला ठेवली.

पॅनेलला हात लावला. गरम! कोमट नाही, चांगलं गरम. सातला हात उचलला.

"किती दिवस चाललंय हे?" असं मी विचारायला हवं होतं. मी विचारलं, "घरात कोण होतं?"

बाईंचे डोळे चमकले. हाच प्रश्न त्यांना हवा होता. त्यांनी मला खिडकीपाशी नेलं आणि वर्गातल्या मागच्या बाकापर्यंत पोहोचेल अशा आवाजात कुजबुजल्या, "हिचा भाऊ येतो. धक्क्यावर बार्जचा माल उतरवतो तो. दर वेळी एक पिशवी आणतो. पिशवीला वास येतो, मिस्त्री. घामाचा म्हणा, खाडीचा म्हणा, मला सांगता येत नाही. मी असले की पिशवी घराबाहेर. मी भजनाला गेले की पिशवी कुठे जाते?"

"मशीनमध्ये?"

"मी काही बोलले नाही. तुम्ही बोललात."

"पण गाठ तर तशीच आहे."

"मिठाच्या गोण्या बांधत मोठी झालेली मुलगी आहे ती. माझी गाठ सोडून पुन्हा तशीच मारणं तिला काय जड?"

तोवर प्रेक्षक जमले होते. सतीश पहिली पाळी करून आला होता. शेजारच्या वहिनी वाटी परत करायला म्हणून आल्या होत्या आणि वाटी हातातच धरून उभ्या होत्या. रंजना स्वयंपाकघराच्या दारात, हातात तांदळाचं ताट. पंचविशीची असेल.

"मी हात नाय लावला," ती म्हणाली.

"हात लावला नाही, असं म्हणावं," बाई म्हणाल्या.

"कसं पण म्हणा. नाय लावला."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तुम्हाला सांगतो, नाटकातल्या वकिलाला टाळी घ्यायच्या आधी जे वाटत असेल ते मला वाटलं. मी पेटी बंद केली. खटका वाजला.

"बाई, चालल्याशिवाय पॅनेल इतकं तापत नाही. माणूस बोलतो काहीही, मशीन खोटं बोलत नाही."

रंजनानं सतीशकडे पाहिलं. सतीशनं पंख्याकडे पाहिलं. तिनं ताट खाली ठेवलं, अगदी हळू, एक दाणा सांडला नाही.

"उद्या सकाळच्या गाडीनं मी आईकडं जाते," ती म्हणाली. "खरं काय ते कळेल तवा बोलवा. न कळलं तर नका बोलवू."

बाईंनी मला नारळाच्या वड्या दिल्या. मी दोन खाल्ल्या. तिसरी कागदात बांधून घेतली.

तीन आठवडे गेले. त्यात मधले दोन शुक्रवार मी रोह्याला गेलो, पण वरशाला काम निघालं नाही. शिमगा जवळ आला होता. एके दिवशी पेणच्या दुकानात फोन आला. बाई एसटीडी बूथवरून बोलत होत्या.

"मिस्त्री, ताबडतोब या. आणि कुणाला सांगू नका."

मी गेलो. दार बाईंनीच उघडलं, पण या नेहमीच्या बाई नव्हत्या. आवाज खाली आला होता.

"पॅनेल?" मी विचारलं.

"गरम."

"रंजना आली?"

"नाही. घरात मी आणि सतीश. तो दिवसपाळीला जातो. तो गेल्यावरही गरम, तो यायच्या आधीही गरम."

"सतीशला विचारलंत?"

"विचारलं. म्हणाला, आई, मला ती सुरूही करता येत नाही. मी म्हटलं, करून दाखव. खरंच नाही करता आली."

"मग?"

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. "मग मी स्वतःवर संशय घेतला. मिस्त्री, माणूस झोपेत मशीन लावू शकतो का हो?"

मला हसू आलं, पण त्या हसत नव्हत्या. खरं सांगतो, या बाईंबद्दल मला पहिल्यांदा आदर वाटला तो तेव्हा. संशय घ्यायचा तर त्या स्वतःलाही सूट देत नव्हत्या. त्यांनी आदल्या दिवशी भजन चुकवलं होतं. गाठ मारली, मशीनसमोर खुर्ची टाकली आणि सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत मशीनवर नजर ठेवून बसल्या होत्या, परीक्षेला पर्यवेक्षक बसतो तशा. कुणी आलं नाही. गाठ सुटली नाही. तीन वाजता गोधडी काढली तर पॅनेल गरम, आणि वास.

"कसला वास?"

"प्लास्टिकची बांगडी जळल्यासारखा."

मी पेटी तिथेच खाली ठेवली. हा वास आला की आमच्या धंद्यात गंमत संपते. मी भिंतीवरचा स्विच शोधायला लागलो. स्विच मशीनच्या मागे, भिंतीला लागून. मशीन सरकवल्याशिवाय हात पोहोचणार नाही असा.

"हा कधी बंद करता?"

"तो कशाला? मशीनचं बटण बंद करते ना मी. बटण बंद म्हणजे मशीन बंद."

बाई चुकल्या नव्हत्या. जुन्या मशीनमध्ये घड्याळाची खुंटी शून्यावर आली की वीज तिथेच तुटायची. बंद म्हणजे बंद. या नव्या जातीत पॅनेलच्या पोटात एक इलेक्ट्रॉनिक पाटी असते आणि तिला सांभाळायला एक छोटा ट्रान्सफॉर्मर, काडेपेटीहून जरा मोठा. तुम्ही बटण बंद केलंत तरी भिंतीवरून वीज येते तोवर हा गडी जागाच. दारावरच्या गुरख्यासारखा. पुढचं बटण कधी दाबलं जातं याची वाट बघत तो बसून असतो, आणि बसल्या बसल्या थोडा तापतो. तेवढं तापणं साधं आहे. चहा पिऊन ठेवलेल्या कपाइतकं. घाबरण्यासारखं काही नाही.

हे मला माहीत असायला हवं होतं. ती मशीन बाजारात आली तेव्हा आम्हा मेकॅनिक लोकांना दोन दिवस मुंबईला शिकायला बोलावलं होतं. पॅनेलचा धडा दुसऱ्या दिवशी दुपारी होता. जेवणात श्रीखंड होतं. त्या धड्यातलं मला एवढंच आठवतं की खोलीत छान गारवा होता.

मी स्विच बंद केला, पॅनेल उघडलं. पाटीचा एक कोपरा तपकिरी झाला होता, पापड जरा जास्त भाजावा तसा. ट्रान्सफॉर्मरवरचा कागद सुटून वाकडा झाला होता. त्याच्याजवळच्या तारेवरचं प्लास्टिक मऊ पडलं होतं. अजून महिनाभर असंच चाललं असतं तर त्या पॅसेजमध्ये काय झालं असतं, ते मी बाईंना सांगितलं नाही. त्यांनी ते माझ्या तोंडावरून वाचलं.

"पण एवढा का तापला?" त्यांनी विचारलं.

मी मागे वळून पाहिलं. स्टुलावर गोधडी. घडी घातलेली. सात थर.

"बाई, ही गोधडी कधीपासून?"

"दिवाळीनंतर. समोरच्या प्लॉटवर बांधकाम निघालं, सिमेंटची धूळ यायला लागली. म्हणून शिवली."

"आणि पॅनेल गरम लागायला लागलं ते कधीपासून?"

बाईंनी गोधडीची लाल पट्टी बोटांत धरली. त्या गोधडीकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "दिवाळीनंतर."

उकल एवढीच होती. पॅनेलच्या मागच्या अंगाला बारीक फटी असतात, आतली ऊब बाहेर जावी म्हणून. बाईंनी वरून सात थरांची गोधडी घातली. मग सुनेवर संशय आला म्हणून बंद आणखी घट्ट आवळले. जितका संशय जास्त तितकी गाठ घट्ट, जितकी गाठ घट्ट तितकी ऊब आत. दुपारी तिकडे विजेचा दाब वर चढायचा, त्यात बिचारा ट्रान्सफॉर्मर आणखी तापायचा. बाई भजनाहून आल्या की पुरावा तयार. सुनेविरुद्धचा पुरावा बाई रोज सकाळी साडेआठला स्वतः शिजत ठेवत होत्या, आणि मी तो दुपारी चाखून छान झालाय म्हणून सांगितलं होतं.

"आता काय करायचं?" बाई म्हणाल्या.

"तुम्ही जाऊन तिला घेऊन या."

"मी जाईन. पण आधी तुम्ही जा. निकाल तुम्ही दिलात."

हे बरोबर होतं. शनिवारी पेणहून एसटीनं निघालो. धरमतरच्या अलीकडे उतरून बांधावरून चालत गेलो. दोन्ही बाजूंना मिठाचे पांढरे ढीग, उन्हात डोळे उघडेनात. रंजना बांधावर बसून गोण्यांची तोंडं बांधत होती. तिची आई गोण्या भरत होती.

"कोण गो हा?" आईनं विचारलं.

"मशीनवाले मिस्त्री," रंजना म्हणाली. हात थांबले नाहीत. सुतळीचा एक फेरा, एक झटका, पुढची गोणी.

"ज्यानं निकाल दिला तो?"

"व्हय. तोच."

आईनं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. तांब्या देताना नजर अशी की पाणी पिऊ की माफी मागू ते कळेना. मी आधी पाणी प्यायलो, कारण उन्हातून चालत आलो होतो. मग उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ट्रान्सफॉर्मर, गोधडी, बाईंची खुर्ची, श्रीखंडसुद्धा. काही लपवलं नाही. माझं सांगून होईतो रंजनानं नऊ गोण्या बांधल्या. मी मोजल्या, कारण तिच्या तोंडाकडे बघायची हिंमत नव्हती.

"चुकलो," मी म्हटलं.

"तुम्ही मशीनला विचारलंत," ती म्हणाली. "मला नाय विचारलंत. मी समोर उभी होती."

"तू म्हणालीस ना, हात लावला नाही..."

"ते तुम्ही ऐकलंत. विचारलं नाय. विचारलं असतंत तर सांगितलं असतं, की बाई गोधडी काढतात तवाच ते गरम असतं, आणि ज्या दिवशी गोधडी धुवायला टाकतात त्या दिवशी नसतं. मी दोन महिने बघत होती."

आता हात थांबवून ती माझ्याकडे बघत होती, आणि मी मिठाकडे. अख्खा उलगडा त्या दुपारी तांदळाचं ताट घेऊन दारात उभा होता.

"भावाच्या पिशवीचं तरी का नाही सांगितलंस?"

पहिल्यांदा ती जरा हसली. "तिच्यात जवळा असतो. सुका. त्या घरात चालत नाय ना! शेजारच्या वहिनींकडं बसून खाते मी."

म्हणजे शेजारच्या वहिनी त्या दिवशी वाटी हातात धरून का उभ्या होत्या, तेही कळलं : रंजनाची जवळ्याची वाटी होती ती.

"येशील?" मी विचारलं.

"तुम्ही चार माणसांत सांगितलंत. चार माणसांतच परत सांगा, त्याच जागी उभं राहून. मग बघू."

पुढच्या शुक्रवारी वरशात प्रयोग लावला. मी नवा ट्रान्सफॉर्मर आणि नवी पाटी बसवली होती. पॅसेजमध्ये खुर्च्या. बाई, सतीश, शेजारच्या वहिनी, रंजना आणि तिची आई. आईच्या हातात पिशवी, बाजूला रंजनाची ट्रंक.

बाईंनी शिष्टाचार म्हणून पिशवी घ्यायला हात पुढे केला, आणि वास ओळखीचा लागला. "कपडे आहेत का?"

"नाय हो विहीणबाय, जवळा हाय."

बाई जागच्या जागी थिजल्या. त्यांच्या तोंडावर तो सगळा हिशेब चालला होता : भाऊ, पिशवी, वास, मशीन. शेवटी त्यांनी पिशवी दोन बोटांत धरली आणि शेजारच्या वहिनींच्या मांडीवर ठेवली. "ही तुमच्याकडेच असू द्या. नेहमीसारखी."

वहिनी लाल झाल्या.

मी स्विच चालू केला, मशीनचं बटण बंद ठेवलं. बाईंनी गोधडी घातली आणि आपल्या हातानं गाठ मारली. दोन फेरे, वर फूल. मग आम्ही सगळे तीन तास बसून राहिलो. मध्ये दोनदा चहा झाला. कुणी उठलं नाही, उठलं तरी मशीनपासून लांबून गेलं. तीन तासांनी बाईंनी गाठ सोडली, गोधडी काढली आणि हाताची मागची बाजू पॅनेलवर ठेवली. मोठ्यानं मोजायला लागल्या. "एक. दोन. तीन." आठला हात उचलला. नवा माल होता, म्हणून आठ. मग मी गोधडी न घालता अर्धा तास तसंच ठेवलं. पुन्हा मोजलं. दहा होऊन गेले तरी हात तिथेच.

मी त्या दिवशीच्याच जागी उभा राहिलो. "मशीन कुणी चालवली नव्हती. पॅनेल गोधडीनं तापलं. मी चुकीचं बोललो." पेटी बंद केली नाही. खटका नको वाटला.

बाई रंजनाकडे वळल्या. "आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या. लाल शेरा मारता येतो मला. खोडता येत नाही. तो तूच खोड."

रंजना उठली, स्टुलावरची गोधडी घेतली. घट्ट गुंडाळी केली, चारही बंद एकत्र घेतले. एक फेरा, एक झटका. गुंडाळी बाईंच्या मांडीवर ठेवली.

"सोडा," ती म्हणाली.

बाईंनी चष्मा लावला. नखं लावली. दात लावायच्या बेतात होत्या, पण विहीण बघत होती. सतीशकडे दिली. त्यानं ओढली, ती आणखी आवळली. माझ्याकडे आली. माझा धंदाच अडकलेलं सोडवायचा. दहा मिनिटं झटलो.

"मी बांधली असती ना, तर अशी बांधली असती," रंजना म्हणाली. "तुमची गाठ तुम्हाला रोज सुटत होती."

बाईंनी गुंडाळी परत घेतली, गाठ बोटानं चाचपली. मग म्हणाल्या, "हे तेव्हाच का नाही दाखवलंस?"

"कुणाला?" रंजना म्हणाली, आणि सतीशकडे बघितलं. या वेळी सतीशनं पंख्याकडे पाहिलं नाही. तो उठला आणि रंजनाच्या आईच्या बाजूला ठेवलेली ट्रंक आत नेऊन ठेवली.

मी निघताना तिनं ती गुंडाळी माझ्या पेटीवर ठेवली. "ही तुम्ही न्या, दादा. मशीनवर परत जायला नको. सुटली तर सोडा. पक्कड लावायची नाय."

आता पेणला माझं स्वतःचं दुकान आहे. गोधडी काउंटरमागच्या फळीवर असते. लाल पट्टी फिकट झाली आहे. एखादं गिऱ्हाईक येतं, पॅनेल तापतं म्हणतं आणि पाठोपाठ ते ठरलेलं वाक्य टाकतं, "कुणी हात लावला नाही हो." माझ्या ओठांवर माझंही जुनं वाक्य येतं. मग फळीकडे नजर जाते, आणि मी विचारतो, "कधीपासून? वर काय घालता? भिंतीवरचा स्विच बंद करता का? आणि मशीन घरात कोण वापरतं? त्यांना जरा बोलावता का?"

संशय अजून आहे, तो जात नाही. फक्त आधी माणसाला विचारतो, मग मशीनला.

आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की गोधडी खाली काढून गाठीला नख लावून बघतो. पक्कड हाताशीच असते. लावली नाही अजून.